त्या कुरडया मांजरानं नाही मोडल्या

इंदूर, रविवार, 17 ऑगस्ट 2025

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

एवढं लिहिलं आणि अडकलो, शाळेत पत्रलेखनाला पाच मार्क असायचे तेवढीच काय ती प्रॅक्टिस. फोनवर सांगितलं असतं पण फोन ताई स्पीकरवर टाकते आणि मागून कुकरच्या शिट्ट्या, त्यात हे सांगण्यासारखं नाही. आई, तू हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव, त्यांना डोळ्याला ताण द्यायचा नाहीये. मधे मधे तुझी कमेंट्री नको.

आधी कामाचं. बाबा, तुम्ही सांगितलेला पॉलिसीचा कागद सापडला, गोदरेजच्या कपाटात खालच्या खणात हिरव्या फाईलमध्ये, त्याचा फोटो ताईला पाठवलाय. पण त्याच फाईलमध्ये तुमची जुनी पासबुकं होती, रबर लावून, वर्षवार. स्टेट बँक ऑफ इंदूर स्टेट बँकेत विलीन होऊन पंधरा वर्षं झाली तरी तुमच्यातला कॅशियर काही रिटायर होत नाही, प्रत्येक एन्ट्रीपुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात कशाचे ते लिहिलेलं. गॅस. दूध. ताईचं बाळंतपण. मी चाळत बसलो, चहा गार झाला. आणि 2017 च्या एप्रिलमध्ये माझ्या खात्यात टाकलेले 25,000, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात गाडीचं इंजिन करून घे म्हणून, त्यापुढे पेन्सिलीनं लिहिलंय, "धाकटा. विचारू नये."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

ठीक आहे, मग आता मीच सांगतो, नाहीतर तुम्ही ते "विचारू नये" शंभर वर्षं पाळाल.

जानेवारी 2017 मध्ये, संक्रांत झाल्यावर दोन-तीन दिवसांत, मला कंपनीनं नारळ दिला. नोटबंदीनंतर ऑर्डरी आटल्या होत्या, पार्टीकडून पैसे सुटत नव्हते, साहेब म्हणाले मार्केट सुधारलं की परत बोलावू, कोणी बोलावत नसतं हे त्यांनाही माहीत आणि मलाही. मी घरी सांगितलं नाही. का नाही सांगितलं याचं आजही धड उत्तर नाही, ताईच्या डोहाळजेवणाची तयारी चालू होती, घरात पाहुणे, म्हणलं आठवड्यात दुसरं काही लागेल मग सांगू. आठवड्याचे पाच महिने झाले. रोज साडेनऊला आईच्या हातचा डबा घेऊन गाडीला किक मारायची, अहिल्या लायब्ररीत बसायचं, नोकरीचे अर्ज करायचे, नेहरू पार्कात बाकावर डबा खायचा आणि सहाला घरी यायचं, चेहऱ्यावर दमल्यासारखं आणून. दमायचोही खरं, काही न करता माणूस फार दमतो.

दुपारी ऊन वाढलं की भंवरकुआंला मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसायचो. तिथे वर एक छोटा टीव्ही होता, दिवसभर चालू. आणि त्या टीव्हीवर एक दिवस आय-लीगची, म्हणजे फुटबॉलच्या तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगची, मॅच लागलेली, लाल जर्सीतली एक टीम, ऐझॉल एफसी. बाबा, तुम्ही म्हणाल इंदूरच्या पोराचा मिझोरमशी काय संबंध. काहीच नाही! 2011 च्या जनगणनेत अख्ख्या ऐझॉलची वस्ती तीन लाखांच्या आत, आपल्या इंदूरची वीस लाखांच्या आसपास, आणि आपल्याकडे देशाच्या वरच्या लीगमध्ये एक टीम नाही, तो भाग वेगळा. मी नुसतं बघत होतो, पंख्याखाली बसायला निमित्त म्हणून. मग मित्रानं विचारलं, "ये कौन-सी टीम है भिया?" त्याला सांगायचं म्हणून मोबाईलवर शोधलं आणि तिथे मी फसलो.

झालं होतं असं की ही टीम त्या लीगमध्ये असायलाच नको होती. आदल्या सीझनला नऊ टीममध्ये आठवी आली. नवव्या नंबरला पुण्याची नवी टीम होती पण तिला डायरेक्ट एन्ट्री असल्यामुळे खाली न ढकलण्याची सूट, म्हणून आठवे आलेले हे खाली गेले. मग गोव्याच्या क्लबांचं फेडरेशनशी बिनसलं, साळगावकर आणि स्पोर्टिंग लीग सोडून गेले, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत आत घेतलं. आणि कोच कोण, तर खालिद जमील, ज्याला मुंबई एफसीनं सात वर्षांनंतर सोडलेलं, सीझन तोंडावर आलेला असताना हा तिकडे डोंगरात जाऊन पोचला. येताना मुंबईच्या टीममधली एक-दोन पोरं पण घेऊन आला, त्यात एक आपला जयेश राणे. मिझो पोरांत एक राणे, मी तर त्या आडनावावरच अर्धा खूष.

म्हणजे बघा, कोच नोकरीवरून काढलेला, टीम बाहेर काढलेली, आणि बघणारा मी. लायब्ररीत बसून अर्ज करण्यापेक्षा हे बरं वाटायला लागलं यात माझा काय दोष.

लोक नंतर चमत्कार चमत्कार म्हणत बसले त्याचा मला राग येतो. चमत्कार नव्हता काही. मी त्या टीव्हीवर बघितलंय ना, टीम मागे घट्ट बसायची, गोव्याचा अल्बिनो गोम्स गोलात, मधे सीरियाचा अल अमना, तो बॉल पायात घेऊन असा उभा राहायचा जसं काही घरी कोणी वाट बघत नाहीये, लायबेरियाचा जार्यान घाम गाळायला, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो, आणि बाकी मिझो पोरं, पळायला लागली की थांबायचं नाव नाही. खूप गोल मारणारी टीम नव्हती, एका गोलनं जिंकायचं आणि पॉइंट खिशात टाकायचे, अगदी तुमच्यासारखं, बाबा, रुपया रुपया करून आरडी. अठरा मॅचपैकी 11 जिंकल्या, 4 बरोबरीत, 3 हरले. त्यांचं होम ग्राउंड म्युअलपुईला, डोंगराच्या अंगावर, हिरवी कृत्रिम टर्फ आणि मागे ढग. टीव्हीवर मॅच सोडून मी ते ढगच बघत बसायचो कधी कधी. इथे 42 डिग्री.

22 एप्रिल शनिवार, मी घरी सांगितलेलं ऑफिसमध्ये इयर-एंडिंगचं राहिलेलं काम आहे. (एप्रिलच्या 22 ला इयर-एंडिंग! बाबा, बँकेत आयुष्य काढलेल्या माणसासमोर मी ही थाप मारली आणि तुम्ही "बरं" म्हणून पेपर वाचत राहिलात, मला तेव्हाच कळायला हवं होतं.) त्या दिवशी ऐझॉल आणि मोहन बागान, दोघंही वर, ही मॅच जो जिंकेल त्याच्याकडे लीग झुकणार. बागान म्हणजे 1889 चा क्लब, आणि ऐझॉल 1984 चा, म्हणजे ताईपेक्षा एक वर्षानं मोठा फक्त. 83 व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्तेनं डोक्यानं गोल मारला आणि मी असा ओरडलो की आधार कार्डाच्या झेरॉक्स काढायला आलेली एक मुलगी घाबरून बाहेर गेली. मित्रानं पंधरा रुपयांचं गिऱ्हाईक गेलं म्हणून मला चहाचे पैसे द्यायला लावले.

आता शेवटची मॅच. 30 एप्रिल, रविवार, शिलाँगला लाजाँगशी. फक्त एक पॉइंट पुरणार होता, बरोबरी झाली तरी चॅम्पियन. पण रविवारी ऑफिसचं नाटक करता येईना, आणि खाली टीव्हीवर तुमचं आयपीएल, म्हणून मी मोबाईल घेऊन गच्चीवरच्या खोलीत गेलो. आई, आता नीट ऐक. तिथे खाटेवर तू जुनी चादर घालून कुरडया आत आणून पसरून ठेवल्या होत्यास, मी कडेला जागा करून बसलो. नवव्या मिनिटाला लाजाँगच्या दिपांदानं गोल मारला. झालं. नेट पण असं की बॉल जायचा आणि गोल चाक फिरत राहायचं. हाफ टाइमला तू खालून ओवा आणून दे म्हणून हाक मारलीस, मी ओ दिली नाही, त्याबद्दल वेगळी माफी. मग 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुन्फेला. आधी स्क्रीन अडकली, मग सगळी लाल जर्सीवाली पोरं एकावर एक, मग कळलं गोल, आणि मी उडी मारली ती सरळ खाटेवर. कुरडयांचा चुरा! अर्धी चादर. तू वर आल्यावर मी म्हणलं मांजर आली होती, आणि तू बिचारीनं पुढे महिनाभर त्या शेजारच्या पांढऱ्या मांजराला झाडू दाखवला. त्या कुरडया मांजरानं नाही मोडल्या. विल्यमनं मोडल्या असं समज.

1-1 सुटली. ऐझॉल 37 पॉइंट, बागान 36. ईशान्येकडचा पहिला क्लब देशाचा चॅम्पियन झाला. आणि त्याच सीझनला मुंबई एफसी सगळ्यात शेवटी, खालच्या लीगमध्ये. मी गच्चीवर एकटा, सांगायला कोणी नाही, मित्राला फोन केला तर तो लग्नात, बँडबाजा वाजत होता, त्याला वाटलं मला नोकरी लागली.

खाली आलो तर बाबा म्हणाले एवढा घाम कसला, मी म्हणलं गच्ची तापलीये.

त्यानंतर चारच दिवसांनी, 4 मे ला, स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिलं आल्याचं जाहीर झालं, आठवतंय? तुम्ही गरम जिलेबी आणलीत, कॉलनीभर वाटलीत, गेल्या वर्षी पंचविसावं होतं आणि यंदा पहिलं, असं प्रत्येकाला थांबवून सांगत होतात, जसं काही रात्री उठून तुम्हीच झाडलंय. मी जिलेबी खात "हो ना, होतं असं कधी कधी" म्हणलं. तेव्हा सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं, पण जिलेबी होती.

मग जूनमध्ये देवास नाक्याची ही नोकरी लागली. हे पण कोणाला सांगितलेलं नाही, आज सांगून टाकतो. इंटरव्ह्यूत माझा नंबर दुसरा होता. पहिल्या आलेल्या मुलाला बंगळुरूला चांगलं मिळालं, तो आलाच नाही, म्हणून एचआरवाल्या बाईंनी मला फोन केला, आणि त्या बोलण्यात कुठेतरी "दे डिंट जॉइन" असं त्या म्हणाल्या आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल तर साळगावकर. मला हसू आलं फोनवर, बाईंना वाटलं मी फार खूष आहे. खूष होतोच. पण वर्षभर तिथे मला वाटत राहायचं की मी दुसऱ्याच्या खुर्चीत बसलोय, कोणी पाठीमागून आलं की उठावंसं वाटायचं. आठ वर्षं झाली, खुर्ची पण बदलली दोनदा.

2022 ला रणजी फायनलला पण सांगणार होतो. आपला एमपी मुंबईला हरवत होता, रजत पाटीदारनं 122 मारले, ताई पुण्याहून मुंबईच्या बाजूनं मेसेज टाकत होती आणि तुम्ही तिला ब्लॉक कसं करतात विचारत होतात. मग जिंकल्यावर आपले कोच चंद्रकांत पंडित रडले, 1999 ला त्याच बंगळुरूला त्याच ग्राउंडवर एमपीचे कॅप्टन म्हणून फायनल हरले होते, आणि तुम्ही चष्मा काढून पुसत म्हणालात, "मुंबईचाच माणूस बघ." मी म्हणणार होतो, बाबा अशीच अजून एक गोष्ट आहे मुंबईच्या माणसाची. पण तुम्ही लगेच होळकर टीम आणि सी. के. नायडूंवर गेलात, आजोबांनी बघितलेली ती सिक्सर, मग काय, तिथून तुम्हाला परत आणणं कोणाला जमलंय.

ऐझॉलचं पुढे काही फार भलं झालं नाही, तेही सांगतो. चॅम्पियन झाले पण मोठ्या पैशाच्या इंडियन सुपर लीगमध्ये त्यांना घेतलं नाही, खालिद ईस्ट बंगालला गेला, पोरं पांगली. एकच सीझन. मला त्याचं वाईट वाटतं पण इतकंही नाही, मला जेव्हा पाहिजे होते तेव्हा ते होते.

आणि हे सगळं आज का, तर 1 तारखेला खालिद जमीलला इंडियाचा कोच केलं. बऱ्याच वर्षांनी आपला माणूस त्या जागेवर बसलाय. मी ऑफिसात बातमी वाचली आणि पुढच्या रविवारी पॉलिसी शोधताना तुमचं पासबुक सापडलं.

25,000 मी परत करणार नाही, इंजिनला खरंच खर्च आला नंतर. बाकी, बाबा, एवढंच विचारायचंय की कशावरून कळलं? मी घरखर्चाचे पैसे एफडी मोडून एक तारखेला टाकायचो आणि आधी पगाराचे सातला यायचे, त्यावरून ना? का आईनं सांगितलं? आई, तुला डब्यावरून कळलं असणार, पार्कातले मुंगळे यायचे डब्यात.

तुमचं 24 चं रिझर्व्हेशन कन्फर्म झालंय, मी स्टेशनवर येतो, बाबांना हिरवी पट्टी आणि काळा चष्मा दोन्ही लावून आण. मखराचं सामान उतरवलंय, मोदकांची पिठी ताईकडूनच आण, इथली तुला आवडत नाही. 27 ला गणपती, आपला दीड दिवसाचा, 28 ला विसर्जन. 29 ला इंडियाची ताजिकिस्तानशी मॅच आहे, खालिदची पहिली. बाबांना स्क्रीन लांबून बघायला डॉक्टरांची परवानगी आहे का तेवढं विचारून घे. यंदाच्या कुरडयांचा डबा फळीवर आहे तसाच आहे, मी हात लावलेला नाही, त्या दिवशी तळू.

ताईला आणि पिल्लाला गोड पापा.

तुमचा,
धाकटा

ता. क. दूधवाल्याचा हिशोब जुळत नाहीये, तीन दिवस तो जास्त लावतो. बाबा, तुम्ही आल्यावरच बघा.