जाड फाईल, कोरी फाईल

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. वीस मिनिटं बोलले, पण सगळं आकड्यांत. शुगर किती, बीपी किती, वजन किती. आई हसत हसत काहीतरी सांगायला लागली होती, तर मी म्हटलं, "ते नंतर, आधी किडनीचं क्रिएटिनिन सांग." काय सांगत होतीस गं तू?

बाबांचे रिपोर्ट आले, सगळे आकडे जागच्या जागी. मी निर्धास्त झाले. आईची तीन महिन्यांची सरासरी साखर ७.६ निघाली तेव्हा मात्र आठवडाभर तिच्या मागे लागले. आता वाटतं, मी उलटं वाचत होते. आई, तुझी फाईल जाडजूड: बीपी, थायरॉईड, गुडघा. पण सत्तरीत तू मोबाईलवर बुद्धिबळ शिकलीस आणि नातवाला हरवून वर त्याला चिडवतेस. बाबा, तुमची फाईल कोरी, आणि गेले आठ महिने तुम्ही मित्रांत जाऊन बसला नाहीत. "कंटाळा येतो" म्हणता. कंटाळा नाही हो, ऐकू येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची १९४८ पासूनची व्याख्या सांगते की रोग नसणं म्हणजेच आरोग्य नव्हे. शरीर, मन आणि लोकांत वावरणं, तिन्ही पूर्णपणे सुस्थितीत हवं. 'पूर्णपणे' मला पटत नाही. मग माझ्यासारखी चष्मेवालीसुद्धा बाद! २०१५ च्या म्हातारपणावरच्या अहवालात त्याच संघटनेनं भर दिला तो माणसाला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी त्याला करता येतात की नाही, यावर. निरोगी कोणाला म्हणावं हे सांगणारा सुश्रुताचा श्लोक तर बाबा, तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतला होतात. दोष, अग्नी, धातू असा सगळा हिशेब झाल्यावर शेवटी 'प्रसन्नात्मेन्द्रियमनाः', म्हणजे आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न हवं. इंद्रियांत कानही येतात.

आकडे सोडून द्या असं म्हणत नाही. बीपी गुपचूप वाढतं, मोजल्याशिवाय कळत नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. पण उतारवयात साखरेचं लक्ष्य डॉक्टर बऱ्याचदा थोडं सैल ठेवतात, कारण साखर एकदम उतरली आणि माणूस चक्कर येऊन पडला तर ते जास्त महागात पडतं. हे मला आईच्या डॉक्टरांशी बोलल्यावर कळलं. आठवडाभराच्या कटकटीबद्दल सॉरी, आई.

बाबा, एक करून बघा. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का? पासष्टीनंतर आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगतात. नुसती फेरी पुरत नाही, आणि तुमची तर फेरीही बंद आहे.

कानाच्या मशीनचं नाव काढलं की "म्हातारा दिसेन" म्हणता. अर्धं वाक्य निसटलं तरी "हं, हं" करत हसणारा माणूस जास्त म्हातारा दिसतो. रागावा हवं तर. लहान होते तेव्हा चष्मा नको म्हणून मी रडत होते, तेव्हा तुम्ही ऐकलं होतं का माझं?

पुढच्या महिन्यात येते आहे. कानाच्या तपासणीची वेळ घेऊन ठेवली आहे, तुम्हाला न विचारता. आणि आई, परवाची ती गोष्ट लिहून पाठव. फोनवर मी पुन्हा तोडेन.

तुमची लेक