दम होता तर पुढे का नाही गेलीस?

साउथॉल, लंडन

ती. अण्णा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

अण्णा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "शेवटपर्यंत दम होता म्हणतेस, मग पुढे का नाही गेलीस?" दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसले.

परवाची सायकलची रेस हिलिंग्डनच्या सर्किटवर झाली. माझ्या घरापासून जवळच. मोठ्या मोकळ्या मैदानात फक्त सायकलींसाठी बांधलेला दीडेक किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. गाड्या नाहीत, कुत्रं आडवं येत नाही. हिथ्रो शेजारीच, त्यामुळे डोक्यावरून विमानांची ये-जा. घाटबिट काही नाही, पण जागा उघडी, वारा सणसणीत लागतो. आम्ही पंचवीसेक जणी होतो, सगळ्या थर्ड आणि फोर्थ कॅटेगरीतल्या. इथे नवीन बाई फोर्थपासून सुरू करते. नंबरात आली की गुण, गुण साठले की वरची कॅटेगरी. कुणी नर्स, कुणी शाळेतल्या बाई, एक पन्नाशी उलटलेली वकील. पैसे कुणालाच मिळत नाहीत, उलट प्रवेश फी आपणच भरायची. अंतर ठरलेलं नसतं. चाळीस मिनिटं आणि वर पाच फेऱ्या, शेवटच्या फेरीला घंटा.

आई, चड्डीचं विचारलं होतंस. हो, आखूडच असते, आत गादी शिवलेली. सगळ्यांचीच तशी, कुणी बघत नाही. खरी कटकट नंबरच्या कागदाची. तो पाठीवर पिनांनी असा ताणून लावायचा की वाऱ्यात फडफडता कामा नये. एकटीला जमत नाही. शेजारच्या मुलीने माझा लावला, मी तिचा. वीस मिनिटांनी वळणावर तीच मला कोपराने बाजूला सारत होती.

आता वाऱ्याचं. सपाट रस्त्यावर पस्तीसच्या वेगाने निघालं की बहुतेक ताकद हवा ढकलण्यात जाते. पुढच्या सायकलीच्या चाकामागे वीतभर अंतरावर राहिलं तर साधारण तीस टक्के कष्ट वाचतात. दादा उसाच्या ट्रॉलीमागे सायकल चिकटवून कारखान्यापर्यंत जायचा आणि तुमचा मार खायचा, तेच हे. फक्त इथे ट्रॉलीच्या जागी माणूस आहे, आणि त्या माणसाला ठाऊक असतं की तुम्ही त्याच्या जिवावर आराम करताय. मग तो कोपर हलवून खूण करतो: आता तू ये पुढे. ये म्हटलं की जायचं असतं. पण शेवट जवळ येतो तसं कुणालाच ती खूण दिसेनाशी होते.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. मध्यावर हिरव्या जर्सीतली एक मुलगी एकटीच सुटली. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत बसलो. जी पाठलाग करणार ती वारा खाणार, तिच्यामागे बाकीच्या फुकट येणार आणि शेवटी ताज्या पायांनी तिलाच मागे टाकणार. अर्धी फेरी कुणी जोरात पायडल मारलं नाही. नुसती फ्रीव्हीलची कटकट ऐकू येत होती. ती मुलगी तेवढ्यात वळणाआड गेली.

हे आमच्यासारख्या हौशी बायकांचंच होतं असं नाही. टोकियो ऑलिंपिकच्या रोड रेसमध्ये, 2021 साली, ऑस्ट्रियाची अ‍ॅना कीसेनहोफर सुरुवातीलाच पुढे निसटली. गणितातली डॉक्टरेट, व्यावसायिक टीम नाही, कुणी तिला हिशेबात धरलं नव्हतं. पुढे कोण, किती अंतरावर आहे हे सांगणारा रेडिओ ऑलिंपिकमध्ये कानात लावू देत नाहीत. शेवटचे चाळीसेक किलोमीटर ती एकटी चालवत होती आणि मागचा घोळका तिला विसरून गेला होता. नेदरलँड्सची फान फ्ल्यूटन रेषेवर हात उंचावून आली, आपणच जिंकलो समजून. सोनं सव्वा मिनिट आधीच गेलेलं होतं.

तर अण्णा, पुढे गेले असते तर बाकीच्यांना घरपोच सोडून मी शेवटून तिसरी आले असते. घंटा झाल्यावर मी पाचव्या-सहाव्या चाकामागे होते. शेवटच्या सरळ रस्त्यावर डावीकडून वाट बंद झाली, उजवीकडून निघेपर्यंत चौघी-पाचजणी गेल्या. अकरावी आले. गुण पहिल्या दहांना. हिरवी जर्सी आरामात जिंकली; तिला मी मनापासून शाबासकी दिली, तिने वारा एकटीने खाल्ला होता.

आईसाठी एक गंमत. इथे बेरिल बर्टन म्हणून थोर सायकलपटू होऊन गेली. यॉर्कशरमध्ये शेतावर राबायची आणि 1967 साली बारा तासांत 277 मैल चालवून तिने पुरुषांचाही विक्रम मोडला. पुढे 1976 च्या राष्ट्रीय स्पर्धेत तिच्या स्वतःच्या लेकीने तिला रेषेवर मागे टाकलं, तर बाईने लेकीशी हातसुद्धा मिळवला नाही! तू भिशीच्या रांगोळी स्पर्धेनंतर मावशीशी जशी वागलीस त्याच्यापेक्षा बरीच म्हणायची.

पुढची रेस महिनाअखेरीस आहे. दादा येणार आहे तर त्याच्याबरोबर राजगिऱ्याच्या वड्या पाठवा. चिक्की नको, धाप लागलेली असताना दातांत अडकते.

तुमची,
सुमी