अण्णांच्या खांद्याला हात लावण्याआधी

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "हाड जुडी गयं, मंग आते काय?" तेव्हा नीट बोलता आलं नाही. हा विषय निघाला की अण्णा टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून पत्र.

हाड जुळलं, ते एक्स-रेत दिसतंच. पण पाळधीजवळ फटफटीला ट्रकने उडवल्यापासून हॉर्न वाजला की अण्णांचे खांदे कानापर्यंत चढतात, झोपेत घाम फुटतो, आणि फटफटीचं नाव काढलं की ते उठून गोठ्यात जातात. आई, याला भित्रेपणा म्हणू नकोस. एवढा धक्का बसला की जीव वाचल्यावरही शरीर सावधच राहतं. छाती धडधडते, स्नायू ताठ, झोप उथळ. महिना उलटूनही हे चालूच राहिलं तर पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर जडणारा मनाचा आजार, आहे का, हे डॉक्टरांनी बघायला हवं. १९८० पासून अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत हे नाव आहे, आणि हा आजार फक्त सैनिकांना होतो असं नाही. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्यांतही अपघातातून वाचलेले असे कितीतरी असतात.

आता त्या मालिशवाल्याचं. अण्णांना पालथं पाडून त्याने मानेवर जोर दिला, ते ओरडले, तर वर "म्हातारा नाटकं करतो" म्हणून पैसे घेऊन गेला! ऐकून माझं डोकंच फिरलं. अपघातात जे झालं ते अण्णांना न विचारता झालं, आणि यानेही तेच केलं. मालिश वाईट नाही, पण धक्क्यातून सावरणाऱ्या माणसाच्या अंगाला हात लावायचा तर लगाम त्याच्याच हातात हवा.

म्हणून आई, तूच कर. बाळंतिणींना मालिश करून तुझा हात बसलेला आहे, फक्त जोर कमी कर. आधी विचार, "लावू का तेल?" नाही म्हणाले तर विषय संपला, रुसायचं नाही. पालथं झोपवू नकोस. दार दिसेल असं खुर्चीत बसू दे, सदरा अंगातच राहू दे. मागून येऊन खांद्याला हात लावायचा नाही. तिळाचं तेल कोमट करून आधी फक्त हाताला लाव. मनगटापासून कोपरापर्यंत जायला सहा-सात सेकंद लागतील इतक्या सावकाश. त्वचेत काही मज्जातंतू असे असतात की ते हळुवार, संथ स्पर्शालाच सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. चोळण्या-रगडण्याने ते साधत नाही. हात सवयीचा झाला की तळपायाला काशाची वाटी. खांदा सगळ्यात शेवटी, आणि तोही अण्णांनी सांगितलं तरच. "बस" म्हणाले की हात तिथेच उचल. मध्येच डोळ्यांत पाणी आलं तर "काय झालं, काय झालं" करू नकोस, गप्प शेजारी बस.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर तिला हात लावायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना. रक्ताची गुठळी असली तर चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि हाडवैद्याकडे जाऊन मान मोडून घ्यायची नाही, मग तो एरंडोलचा असो की अमळनेरचा.

अण्णा, आता तुमच्याशी. मालिशने अंग सैल पडेल, काहींना झोपही बरी लागते. पण ती आठवण मालिशने सुटत नाही. त्यासाठी बोलण्याचे उपचार आहेत, तेच मुख्य, तेल त्याच्या जोडीला. फटफटीवर मागे बसलेले आबा गेले आणि आपण राहिलो, हे तुम्ही आईलाही बोलला नाहीत, मला माहीत आहे. अनोळखी माणसाशी बोलणं कधी कधी सोपं जातं. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीतून बोलतात. तिथे आधी फोन करा; पण जळगावला मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचंच आहे. गावात कोणी विचारलं तर खांद्यासाठी गेलो होतो म्हणा, मी खोटं पाडणार नाही.

कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत म्हणून तारीख पुढे ढकलू नका. बुधवारपर्यंत कोणता दिवस जमतो ते कळवा, म्हणजे मी रजा टाकून तिकीट काढते. परत जाताना कळण्याचं पीठ मीच घेऊन जाईन, पार्सल करू नका.

तुमची,
ताई