अक्का, आकड्याची जात विचारायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय अक्का,
सा. न. वि. वि.

तुमचं घर समोरच आहे, हे सगळं येऊन सांगता आलं असतं. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बास की आता, चहा टाक’ म्हणून विषयच मिटवता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. शिवाय सांख्यिकी म्हटलं की पोटात गोळा येणाऱ्या मुली आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात पुष्कळ आहेत. त्यांनीही हे वाचावं असं वाटतं.

बी.कॉम.च्या पुस्तकात सुरुवातीलाच नावांची रांग होती: गुणात्मक, संख्यात्मक, खंडित, संतत, नामिक, क्रमिक, आणि वर अंतराचं मापन नि गुणोत्तराचं मापन. पाठ करायला काही अवघड नव्हतं. पण हे कशासाठी, ते त्या पानावर कुठंच नव्हतं. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, “माणसाला जात विचारू नये, आकड्याला मात्र पहिली विचारावी.”

मग आपली गल्लीच घेतलीत. घराघरातल्या मातृभाषेला नंबर दिलेत: मराठी १, तेलुगू २, कन्नड ३, उर्दू ४. “समज, अर्धी घरं मराठी आणि अर्धी कन्नड. काढ सरासरी.” आली २. म्हणजे ज्या गल्लीत तेलुगूचं एकही घर नाही, ती सरासरीनं सगळी तेलुगू! हसून हसून पुरेवाट झाली, पण नामिक माहिती त्या दिवशी कळली ती कायमची. तिथं आकडा हे नुसतं नाव असतं. गाडीवरचा एमएच १३ तसाच, पत्त्यातला ४१३००१ तसाच. मोजणी करा, सगळ्यात जास्त घरं कुठल्या भाषेची ते सांगा, म्हणजे बहुलक सांगा. बेरीज-भागाकार तिथं चालत नाही.

क्रमिक माहितीवर मात्र तुम्ही मला बराच वेळ धरून बसवलंत, कारण ती माझ्या रोजच्या कामाची होती. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात तपासणीत मालाला एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असा दर्जा पडतो आणि महिन्याच्या तक्त्यात खाली ‘सरासरी दर्जा’ असा रकाना असतो. तुम्ही कागदावर शंभर टॉवेल मांडलेत. एका लॉटमध्ये ८० एक नंबरचे आणि २० तीन नंबरचे. दुसऱ्यात ६० एक नंबरचे, ४० दोन नंबरचे. दोन्हींची सरासरी १.४. तक्त्यावर दोन्ही लॉट सारखेच दिसणार. प्रत्यक्षात दुसऱ्या लॉटमधला सगळा माल थोड्या कमी भावानं का होईना, खपतो. पहिल्यातला पाचवा हिस्सा चिंध्यांच्या ढिगात जातो. एक आणि दोनमधलं अंतर दोन आणि तीनमधल्या अंतराएवढं आहे, असं कुणी ठरवलं? आकड्यानं फक्त रांग सांगितली होती, अंतर सांगितलंच नव्हतं.

आमच्या साहेबांना मी ते दोन लॉट तसेच्या तसे लिहून दाखवले. आता तक्त्यात तिन्ही दर्जांचे टक्के वेगळे असतात, सरासरीचा रकाना गेला. आभार मानायला खरं तर एवढं एकच कारण पुरे.

तुमची दुसरी बाजू सांगायची सवयही मला आवडते. नामिक, क्रमिक, अंतराचं आणि गुणोत्तराचं मापन हे चार प्रकार अमेरिकेतल्या हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स यांनी १९४६ साली ‘सायन्स’ साप्ताहिकात मांडले, हे सांगून तुम्ही थांबला नाहीत. सगळ्यांना ते पटले नव्हते, आणि १९५३ मध्ये फ्रेडरिक लॉर्ड यांनी फुटबॉलपटूंच्या पाठीवरच्या नंबरांचीही सरासरी कामाला येते अशी गोष्ट रचून त्यांना चिमटा काढला, हेही सांगितलंत. वर माझ्याच गुणपत्रिकेकडे बोट दाखवलंत: श्रेण्यांना गुणांक देऊन त्यांची सरासरीच तर काढलेली असते तिथं! माझं मत विचाराल तर मी टॉवेलच्या बाबतीत स्टीव्हन्सच्या बाजूनं आहे आणि गुणपत्रिकेच्या बाबतीत, पास झाले असल्यामुळे, गप्प आहे.

अंतराच्या मापनासाठी घेतलेलं तापमानाचं उदाहरण सोलापूरकराला समजवावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४० वर गेला की ‘थंडीतल्या २० च्या दुप्पट ऊन’ असं सहज तोंडात येतं. तुम्ही तेच फॅरनहाइटमध्ये मांडलंत, १०४ आणि ६८, आणि ‘दुप्पट’ तिथंच गळून पडलं. सेल्सियसचं शून्य हा पाण्याच्या गोठण्याचा बिंदू, उष्णता संपल्याची खूण नव्हे. खऱ्या शून्यापासून, केल्व्हिनमध्ये, मोजलं तर ३१३ आणि २९३, जेमतेम सात टक्क्यांचा फरक. (अंगाला तो दुप्पट का वाटतो हे सांख्यिकीनं सांगू नये.) वजनाचं तसं नाही, ते गुणोत्तराचं मापन. ५०० ग्रॅमचा टॉवेल २५० ग्रॅमच्या दुप्पटच, कारण तिथं शून्य म्हणजे काहीच नाही. त्यातही टॉवेल मोजले तर खंडित, साडेतीन टॉवेल कुणी पाठवत नाही. वजन केलं तर संतत, काटा जेवढा बारीक तेवढे आकडे पुढे.

मध्य, म्हणजे सरासरी, आणि मध्यक, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा, तुम्ही एका ओळीत उरकलेत: नऊ जणींना दहा-दहा हजार पगार आणि एकाला एक लाख, तर सरासरी १९ हजार, जी त्या दहांतल्या कुणाच्याच हातात पडत नाही, मध्यक मात्र दहा हजार.

तुमच्या बाजारभाव गोळा करायच्या नोकरीतलं ऐकताना मी वही बाजूला ठेवायची. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दुकानात जाऊन त्याच प्रतीच्या ज्वारीचा भाव विचारायचा. दुकानदार म्हणायचा, ‘बाई, घेणार काही नाही, रोज भाव मात्र विचारता.’ त्या भावांतूनच औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक तयार होतो, देशभरातल्या ८८ केंद्रांत आपलं सोलापूर आहे, आणि कामगारांचा महागाई भत्ता त्याच्यावर हलतो, हे मला माहीतच नव्हतं. पायाभूत वर्ष २०१६, त्या वर्षीचा आकडा १०० धरलेला. म्हणून सोलापूरचा निर्देशांक पुण्यापेक्षा जास्त दिसला तर सोलापूर पुण्याहून महाग असा अर्थ होत नाही. प्रत्येक शहर आपल्याच २०१६ शी तुलना करतं. पेपरात हा घोळ दिसला की आता मी मनातल्या मनात तुम्हाला हाक मारते.

नमुन्याबद्दल मी मोठ्या तोऱ्यात ‘शितावरून भाताची परीक्षा’ म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत, “भात ढवळलेला असला तर ना? करपलेला खाली असला म्हणजे?” आमच्या गठ्ठ्यांत चांगला माल वर लावायची पद्धत असते, हे तुम्हाला न सांगता कसं कळलं? तेव्हापासून मी चिठ्ठ्या टाकून गठ्ठ्यातली जागा ठरवते आणि तिथलाच टॉवेल काढते. त्याच ओघात तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा वाद सांगितलात. पिकाचं उत्पन्न अजमावायला शेतातला किती मोठा तुकडा कापायचा? तुकडा लहान घेतला की कडेवरची ताटं ‘आतलीच’ म्हणून धरली जातात आणि उतारा फुगतो, म्हणून सुखात्मे मोठ्या तुकड्याच्या बाजूचे. २९ जूनला महालनोबिस यांच्या जयंतीचा सांख्यिकी दिन असतो; आपल्या गल्लीत त्या दिवशी सुखात्म्यांचंही नाव निघालं पाहिजे, हा तुमचा हट्ट मला मान्य आहे.

पॅकिंगमधल्या दोघी मुली रविवारी तुमच्याकडे यायचं म्हणतात. एकीचा पेपर जवळ आला आहे, दुसरीला नुसतंच शिकायचं आहे. वेळ तुम्ही सांगा, चहा मी टाकते. आणि तुमची ती शंभर टॉवेलांची आकडेमोड केलेली कागदं माझ्याकडेच आहेत. झेरॉक्स काढून आणून देते, मूळ कागद मात्र मी ठेवून घेतले तर चालेल ना?

तुमची,
समोरच्या घरातली पोरगी