'विक्षिप्त म्हातारी' नव्हे, शिकारी ताफ्याची प्रमुख

महोदय,

जॉर्जियन काळातल्या इंग्लंडवर (पहिल्या ते चौथ्या जॉर्ज राजांचा काळ, १७१४ ते १८३०, जॉर्जिया देशाचा इथे संबंध नाही) लिहिताना सॅलिसबरीची मार्शनेस (मार्क्विस या बड्या सरदाराची पत्नी) एमिली मेरी सेसिल हटकून आठवते. पण पत्त्यांच्या बैठका, म्हातारपणीही न सोडलेला नट्टापट्टा आणि हॅटफिल्ड हाउस या घराण्याच्या वाड्यातल्या आगीतला मृत्यू एवढ्यावरच 'विक्षिप्त म्हातारी' म्हणून तिची बोळवण होते. आपल्या लेखातही तेच झाले, आणि सुरुवातही त्या आगीच्या तारखेनेच. हा तिच्यावर अन्याय आहे.

१७७५ पासून १८१९ पर्यंत हॅटफिल्डच्या कोल्हेशिकारीचा, म्हणजे शिकारी कुत्र्यांचा, ताफा तिच्या हाताखाली होता. अशा ताफ्याची पहिली स्त्री-मास्टर (प्रमुख) म्हणून तिचेच नाव घेतले जाते. मास्टर म्हणजे पुढे घोडा दामटणारी व्यक्ती नव्हे. कुत्र्यांची पैदास कोणाकडून करायची, पिलांत साथ आली तर काय, त्यांच्या ओटच्या लापशीत घोड्याचे शिजवलेले मांस किती घालायचे, हे सारे त्यात आले. कोल्हा रात्री भक्ष्य शोधायला बाहेर पडतो, तेव्हाच माणसे पाठवून त्याची बिळे बुजवावी लागतात. एक बीळ राहून गेले, की कोल्हा पाच मिनिटांत जमिनीखाली आणि दिवस फुकट. शिवाय ज्यांच्या शेतांतून घोडे जाणार त्यांची मर्जी राखायची. चव्वेचाळीस वर्षे हे नुसत्या लहरीवर चालत नाही.

दुसरा मुद्दा खोगिराचा. तेव्हा बायका दोन्ही पाय डावीकडे घेऊन बसत. उजवी मांडी खोगिराच्या वरच्या शिंगात (वर आलेल्या वाकड्या खुंटीत) अडकवलेली, डावा पाय रिकिबीत. बाकी सारा तोल अंगाचा. डाव्या मांडीवर येणारे खालचे शिंग, ज्याच्या आधाराने कुंपणावरून उडी निर्धास्त घेता येते, ते १८३० च्या सुमारास आले. तोवर तिचे शिकारीचे दिवस संपलेही होते! घोडा जमिनीवर टेकताना शरीर पुढे फेकले जाते, आणि तिला धरून ठेवायला तिथे काहीच नव्हते.

सत्तरीच्या सुमारास तिने कोल्हा सोडून सशाची शिकार धरली. हा निर्णयही समजून घ्यावा. कोल्हा मैलोन्‌मैल सरळ पळतो, ससा फिरून आपल्याच रानात येतो. त्यामुळे दौड आटोपशीर राहते. पुढे दृष्टी जवळजवळ गेली, तेव्हा तिला खोगिराला बांधत आणि मोतद्दार लगाम धरून शेजारी चाले, असे सांगतात. 'उडी घ्या!' हे त्याचे ओरडणे किस्सा म्हणून छापतात. पण घोडा उचलतो त्या क्षणी अंग पुढे आणि उतरताना मागे न्यावे लागते. न दिसणाऱ्या स्वाराला तो क्षण कोणीतरी सांगायलाच हवा. बांधून घेण्यातला धोका मात्र मोठा: घोडा कोसळला तर बाजूला पडून वाचायची सोय उरत नाही. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत तिने हे केले.

राजकीय वर्तुळातली यजमानीण म्हणूनही ती पत्त्यांपुरती नव्हती. १७८४ च्या वेस्टमिन्स्टर निवडणुकीत डेव्हनशरची डचेस व्हिग पक्षाचा नेता चार्ल्स जेम्स फॉक्स याच्यासाठी मते मागत फिरली, तेव्हा विरुद्ध बाजूने ही उतरली होती.

२७ नोव्हेंबर १८३५ च्या आगीत हॅटफिल्डची पश्चिमेची बाजू जळाली आणि ती गेली, तेव्हा ती ८५ वर्षांची होती. पुढच्या वेळी लेखाची सुरुवात या तारखेऐवजी १७७५ पासून व्हावी, एवढी विनंती.

– अश्वारोहणाचा एक अभ्यासक