कोळसा वनोपजात मोडतो, मग भट्टीवरचा कातकरी कशात मोडतो?

मा. वनमंत्री साहेब, नमस्कार.

पेणच्या बाजूला आमचा छोटासा ढाबा आहे, तंदूरला आठवड्याला दोन-तीन पोती लाकडी कोळसा लागतो. भांड्याला येते ती कातकरी वाडीवरची ताई पोतं उघडलं की एक तुकडा उचलून दुसऱ्यावर आपटते, खणकन वाजला तर म्हणते नीट भाजलाय, नाहीतर कच्चा. हे तिला कसं कळतं विचारलं तेव्हा समजलं की लग्नानंतर सहा वर्षं ती नवऱ्याबरोबर कोळशाच्या भट्टीवर होती. दिवाळीनंतर उचल (आगाऊ पैसे) घेऊन टेम्पोत बसायचं ते पाऊस तोंडावर आला की परत. लाकडं रचायची, वर पाला, त्यावर मातीचा लेप, आणि मग रात्र रात्र जागायचं, कारण कुठे भोक पडून हवा शिरली की सगळी राख आणि ती राखपण यांच्याच नावावर. पोती किती भरली ते शेठच्या वहीत, यांना आकडा माहीतच नाही. सहाव्या वर्षीपण अंगावर पैसे फेडायचे बाकीच निघाले म्हणे.

तेव्हापासून मी मोबाईलवर कोळशाबद्दल वाचत बसतो (बायको म्हणते गिऱ्हाईक बघा आधी). एफएओच्या (युनोची अन्न आणि शेती संघटना) अंदाजाने २०१५ साली जगात ५ कोटी २० लाख टन लाकडी कोळसा झाला, वीस वर्षांत जवळजवळ दीडपट, आणि त्यातला साठ टक्क्यांहून जास्त आफ्रिकेत, कारण तिकडे शहरं वाढली आणि शहरातला स्वयंपाक कोळशावर. साध्या मातीच्या भट्टीत एक किलो कोळशाला पाच ते दहा किलो लाकूड जातं, म्हणजे जंगलाचं काय होत असेल बघा. टांझानियाने २००६ मध्ये बंदी घातली, काही आठवड्यांत मागे घेतली. केनियाने २०१८ मध्ये तोडबंदी केली तर भाव भडकले, कोळसा काही थांबला नाही. सोमालियातून कोळसा बाहेर न्यायला तर २०१२ पासून युनोचीच बंदी, तरी जहाजं भरून जात राहिली. त्यामुळे बंदी घाला असं मी म्हणतच नाहीये, माझापण तंदूर आहे.

मला पटलं ते ब्राझीलचं. कोळसा करण्यात जगात पहिला नंबर त्यांचा, पण तो चुलीत नाही, लोखंडाच्या कारखान्यांत जातो. तिकडेही भट्टीवर माणसं डांबून ठेवायचे, आजही सापडतात. पण १९९५ पासून त्यांची तपासणी पथकं थेट भट्टीवर जातात, आणि ज्याच्याकडे गुलामासारखी राबवलेली माणसं सापडली त्या मालकाचं नाव सरकार जाहीर यादीत टाकतं. त्या यादीला तिकडे ‘घाणेरडी यादी’ म्हणतात, कोळसेवाल्यांची नावंपण असतात तिच्यात.

आपल्याकडे काय? १९२७ च्या वन कायद्यात वनोपजाची व्याख्या काढून बघा साहेब, कोळसा आणि कात एकाच ओळीत आहेत. ज्या कातावरून कातकरी हे नाव पडलं तोच कात. म्हणजे काताची नोंद, कोळशाची नोंद, आणि तो करणारा कुठेच नाही. वेठबिगारी १९७६ लाच कायद्याने बंद झालीये, पण त्यासाठी कुणीतरी भट्टीपर्यंत जायला पाहिजे ना, आणि तिथपर्यंत पोचणारा माणूस तुमच्याच खात्याचा वनरक्षक. तो लाकूड मोजतो. त्याच कागदावर भट्टीवर किती माणसं, कुठल्या वाडीची, उचल किती, पोरं किती एवढं लिहून घ्या आणि तो कागद तहसीलदाराकडे जाऊ द्या. आणि पकडलेल्या मालकांची नावं गावात कळतील अशी लावा.

दिवाळीनंतर टेम्पो भरायला लागतील, त्याच्या आत करा. यादीत माझ्या कोळसेवाल्याचं नाव निघालं तर आठ दिवस तव्यावरच्या चपात्या देईन गिऱ्हाईकाला.

आपला,
पेणचा एक ढाबेवाला