माझ्या आईबरोबर श्वास धरणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईचं ऑपरेशन होऊन आज अठरा दिवस झाले. पण एमआरआयच्या खोलीतली ती दुपार डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून लिहितोय.

तुमच्याकडे येण्याआधी सात महिने आम्ही बार्शीत नुसते दम्याचे पंप बदलत होतो. वाकलं, कूस बदलली की आईला धाप लागायची, घेरी यायची. एकाने दमा ठरवला. दुसऱ्याने छातीला स्टेथोस्कोपही न लावता 'म्हातारपणी मनाला लावून घेतात' म्हणत झोपेची गोळी दिली. शेवटी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात काहीतरी हलताना दिसलं, तर 'गाठ आहे, कॅन्सरही असेल' हे तिथल्या डॉक्टरांनी आईसमोरच, मान वर न करता सांगितलं. त्या रात्री आईने पाटल्या काढून सुनांच्या हातात दिल्या.

तुम्ही खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलात. रक्ताची गुठळी असेल तर तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, इंजेक्शनचं औषध आत शिरत नाही, एमआरआयच्या चित्रात ती काळीच दिसते. गाठ असेल तर औषध घेते. इतकं सोपं करून सांगितलंत. 'काढता येती का?' असं तिने विचारलं, तेव्हा 'आजी, १९५४ पासून काढतायत' म्हणालात.

मशीनमध्ये श्वास सोडून तसंच थांबायचं होतं. आईला दहा सेकंदही जमेना, चित्रं पुसट येत होती. तेव्हा तुम्ही घड्याळ, मंगळसूत्र काढून ट्रेमध्ये ठेवलंत आणि स्वतः आत गेलात. काचेतून मी पाहत होतो. तिचा हात दाबला की थांबायचं, सोडला की श्वास घ्यायचा. पाऊण तास तुम्ही तिथे उभ्या होतात. रात्री आई म्हणाली, "पोरगी माझ्यासंगं दम धरून हुबी हुती रं."

दोन कप्प्यांमधल्या पडद्याला देठाने लटकलेली, दर ठोक्याला झडपेत उतरणारी ती गाठ. मिक्झोमा, म्हणजे हृदयातली साधी गाठ. तुमचा अंदाज तंतोतंत निघाला, कॅन्सर नव्हता. मशीन काय, पैसे टाकले की कुठेही मिळतं. मशीनच्या त्या आवाजात म्हाताऱ्या बाईचा हात धरून उभं राहणारं माणूस आम्हाला सात महिने कुठे भेटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात एकोला येतोय. आईने तुमच्यासाठी शेंगाची चटणी कुटायला घेतली होती, मी उखळ काढून घेतलं. छातीचं हाड अजून जुळायचंय. चटणी सून कुटणार आहे, तिखट मात्र आईच्या हातचं.

आपला कृतज्ञ,
आजींचा धाकटा मुलगा